नॉब आपल्या हातचा हवा

नागपुरात हौशी रेडिओवाल्यांची, म्हणजे हॅमची, एक छोटी बैठक होती. चंद्रपूरहून जाताना मी पिशवीत संगणकावरचा रेडिओ चालवायला बनवलेला माझा डबा घेऊन गेलो. साधा स्टीलचा, घरात फरसाण ठेवतात तसला. झाकणावर डाव्या अंगाला एक मोठा नॉब, उजवीकडे तीन लहान नॉब, खाली सहा बटणे आणि मागून निघालेली यूएसबीची तार. टेबलावर ठेवल्यावर प्रत्येकाने तो फिरवून पाहिला. मग एक ज्येष्ठ हॅम म्हणाले, “अहो सर, रेडिओच सॉफ्टवेअरचा आहे. पडदा समोर, माऊस हातात. मग हा डबा कशाला? आणि हवाच असेल तर तयार मिळतो की.” जेवणाच्या वेळी त्यांनी मला बाजूला घेतले आणि आवाज उतरवून सांगितले, “तुमच्याकडची पोरं असलं काही जोडतात म्हणता. गडचिरोलीत जरा जपून. उगाच कुणाच्या नजरेत यायचं.”

ते माझ्याहून वयाने आणि अनुभवाने मोठे. त्यांच्या बोलण्यात आपुलकी होती, काळजी होती. म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवे. माऊस पुरे, तयार घ्या, आणि तिकडे जपून, ही तीन वाक्ये मी अनेकांकडून ऐकली आहेत. तिन्ही चुकीची आहेत, आणि तिसऱ्याने तर मी शिकवतो त्या मुलांचे नुकसान होते.

त्यांच्या म्हणण्यात जेवढे खरे आहे तेवढे आधी मान्य करतो. जुन्या रेडिओत नॉब फिरवला की डायलची दोरी ओढली जायची, दोरीने गँग नावाचा कपॅसिटर फिरायचा, गँगच्या पात्या एकमेकींत शिरायच्या आणि स्टेशन बदलायचे. नॉब हा रेडिओच्या पोटातलाच अवयव होता. सॉफ्टवेअर-रेडिओत तसे नाही. अँटेनावर आलेला सिग्नल शक्य तितक्या लवकर आकड्यांत बदलला जातो. गाळणे, आवाज वेगळा काढणे, गोंगाट दाबणे ही पुढची सगळी कामे गणिताने होतात. ७१०० किलोहर्ट्झवरून ७१०१ वर जायचे म्हणजे एक आकडा बदलायचा, आणि आकडा माऊसनेही बदलतो. इथवर त्यांचे बरोबर आहे. पण तो आकडा कोण बदलतो आहे, कुठे बसून, कोणत्या हाताने, हे त्यांनी विचारलेच नाही.

आपल्याकडे ४० मीटरचा हौशी पट्टा ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ. त्यात बोलणाऱ्या एका माणसाला अडीचेक किलोहर्ट्झ जागा लागते. या पट्ट्यावर बोलायला वापरतात त्या एसएसबी पद्धतीत मूळ वाहक लहर पाठवलेलीच नसते. ती ऐकणाऱ्याच्या रेडिओने आपल्याकडून भरायची असते. ट्यूनिंग शंभरेक हर्ट्झने चुकले तरी ओळखीच्या माणसाचा आवाज चिरका नाही तर घोगरा होतो. कान म्हणतो, अजून थोडे खाली. हात तेवढाच खाली जातो. कान आणि हात यांच्या मध्ये डोळा आला की काम अडखळते, आणि माऊसला डोळ्याशिवाय चालत नाही. बाण कुठे आहे ते शोधा, आकड्याच्या नेमक्या घरावर न्या, मग चाक फिरवा. नॉब मात्र अंधारातही जागच्या जागी सापडतो.

शिवाय निरोप लिहायचा असतो. आणीबाणीच्या वेळी रेडिओवर बसलेल्या माणसाचा उजवा हात कागदावर असतो. गावाचे नाव, अडकलेली माणसे, लागणारे औषध, वेळ. माऊसही बहुधा उजव्याच हाताशी. म्हणजे दरवेळी पेन ठेवायचे, माऊस धरायचा, आवाज पकडायचा आणि पुन्हा पेन शोधायचे. तेवढ्यात पलीकडचा पुढचे वाक्य बोलून मोकळा झालेला असतो. माझ्या डब्यावर मोठा नॉब डाव्या अंगाला आहे तो यासाठी.

नागपूरच्या थंड खोलीत हे पटणार नाही. पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या पुढे कुठेही लाईट गेल्यावर लॅपटॉप उघडून बसावे. पाच मिनिटांत पडद्यावर पाखरांचा आणि किड्यांचा थर बसतो. मग पडदा मंद करावा लागतो, कधी झाकावाही लागतो. त्यात बॅटरी वाचते हा फायदाच, पण मग माऊस काय कामाचा? दूर कुठे वीज चमकली की हेडफोनमध्ये कडाका बसतो. हात सिग्नलची वाढ ठरवणाऱ्या गेनच्या नॉबवर असेल तरच कान वाचतो. आणि मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांवर गेला की घामेजलेले बोट टचस्क्रीनला हवे तिथे कळत नाही आणि नको तिथे कळते. हे सगळे मी बसून भोगले आहे.

यावर कुणी म्हणेल की मुळात रेडिओच कशाला, मोबाईल आहे ना. भामरागडला पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढले की तालुक्याचे ठिकाण जगापासून तुटते, हे गडचिरोलीत शाळकरी पोरालाही माहीत आहे. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती तिथे एकत्र येतात. जिल्ह्याच्या ठिकाणापासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपासचा तो रस्ता, आणि मोबाईलच्या टॉवरला लागणारी वीज, केबल, डिझेल हे बरेचसे त्याच रस्त्याच्या भरवशावर. हातातला वॉकीटॉकी सागाच्या जंगलात आणि टेकड्यांच्या आड लवकर दबतो. ४० मीटरची तार जमिनीपासून फार उंच न बांधता टाकली तर तिची लहर जवळजवळ सरळ वर जाते, आयनमंडलावरून परतते आणि दोन-तीनशे किलोमीटरच्या टापूवर छत्रीसारखी उतरते. मधल्या डोंगराशी तिला कर्तव्य नसते. भामरागड आणि चंद्रपूर एकाच छत्रीत बसतात. संकटात हे कामी येते याचे उदाहरणही आहे. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद यांचा हॅम चमू पोर्ट ब्लेअरला हौसेने स्टेशन चालवायला गेला होता. २६ तारखेला त्सुनामी आली आणि त्याच स्टेशनवरून बेटांचे निरोप मुख्य भूमीवर जाऊ लागले. पोलिसांची आणि वनखात्याची बिनतारी यंत्रणा आपले काम करतेच, तिची जागा घेण्याची भाषा मी करत नाही. पण हौस म्हणून शिकलेला हात अशा वेळी उपयोगी पडतो, आणि तो हात आधी तयार झालेला असावा लागतो.

आता ‘तयार मिळतो’ याबद्दल.

मिळतो, आणि माझ्याकडे होताही. परदेशी बनावटीचा, देखणा, जड नॉबचा कंट्रोलर. काही हजार मोजून मागवलेला. दुसऱ्या पावसाळ्यात त्याचा नॉब अडखळू लागला. पुढे फिरवला तरी आकडा मागे उडी मारायचा. दुरुस्तीला पाठवला. सात आठवड्यांनी तो न उघडताच परत आला. हे मॉडेल दुरुस्त होत नाही, नवे घ्या, असे सोबतच्या चिठ्ठीत होते. त्या रात्री मी त्याचा गोंदाने चिकटवलेला तळ पात्याने सोडवला. आत जो भाग खराब झाला होता तो नागपूरच्या सीताबर्डीत शंभराच्या आत मिळतो. मला ती वस्तू कोणाची होती हे सांगायचे नाही, कारण तो एका विक्रेत्याचा दोष नाही. बंद डब्याचा हा स्वभावच आहे. त्याच्या पोटात काय आहे हे आपल्याला कळू नये, याची आधीच तजवीज केलेली असते. मुंबई-पुण्यात याचा त्रास चार दिवसांचा. एटापल्लीत किंवा सिरोंचात तोच त्रास अख्खा पावसाळा खातो.

घरी घडवलेली वस्तू म्हणजे दुय्यम वस्तू, हा समज तर गडचिरोलीने फार पूर्वी खोटा ठरवला आहे. या जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग बालकांच्या न्यूमोनियावर काम करत होते. गावातल्या दाईला आजारी बाळाचे श्वास मोजता यायला हवे होते, पण मोठे आकडे मोजण्याची तिला सवय नव्हती आणि हातात घड्याळही नव्हते. बाजारातले कोणते यंत्र तिला परवडेल, असा विचार त्यांनी केला नाही. एका मिनिटाची वाळूची घडी आणि शेजारी मण्यांची रांग असे साधे श्वासमापक त्यांनी बनवले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत खुणेच्या मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनियाचा संशय धरायचा. वापरणाऱ्या हाताला जेवढे येते तेवढ्यावरच ते बेतलेले होते. माझ्या डब्याची बरोबरी त्या कामाशी करण्याचा विचारही मनात नाही. पण वस्तू कोणाच्या हातासाठी आहे हे आधी बघायचे आणि मग ती बनवायची, हे मी तिथून घेतले.

रेडिओतला दाखलाही फार लांबचा नाही. सिरोंचाहून गोदावरी ओलांडली की तेलंगण, आणि सिरोंचाला हैदराबाद मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. त्या हैदराबादच्या अशहर फरहान यांनी, हॅम जगतातल्या व्हीयू२ईएसई यांनी, २००३ मध्ये बिटेक्स नावाचा ट्रान्सीव्हर मांडला. गुंडाळीसाठी लागणारी खास कडी गल्लीतल्या दुकानात मिळत नाही, म्हणून त्यांनी नळाच्या वायसरवर तार गुंडाळली. साधे ट्रान्झिस्टर, वायसर आणि धीर एवढ्यावर हा रेडिओ जगभरच्या लोकांनी आपापल्या टेबलावर उभा केला. त्याच घराण्यातला अलीकडचा एसबिटेक्स हा सॉफ्टवेअर-रेडिओ आहे. आत रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, सगळा कोड खुला. आणि एवढा आधुनिक रेडिओ करतानाही त्यांनी टचस्क्रीनच्या शेजारी खरे, बोटांनी फिरणारे नॉब ठेवले. ‘पडदा आहे तर नॉब कशाला’ म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

मला सगळ्यात जास्त बोलायचे आहे ते डब्याच्या पोटाबद्दल. शिकणे होते ते तिथे.

नॉबच्या खाली असतो रोटरी एन्कोडर. त्यात दोन स्पर्श असतात आणि ते एकमेकांपासून थोडे सरकवून बसवलेले असतात. फिरवताना दोघांची स्थिती ००, ०१, ११, १० आणि पुन्हा ०० अशी क्रमाने बदलते. उलटे फिरवले की क्रम उलटा. म्हणजे आत्ताची स्थिती आणि मागची स्थिती एवढी दोनच माहीत असली तर नॉब कुठल्या बाजूला फिरला हे सांगता येते. ०० वरून एकदम ११ दिसले तर समजायचे की स्पर्श थरथरला किंवा मधली पायरी निसटली. ती नोंद सोडून द्यायची. धातूला धातू लागताना क्षणभर उसळतो, हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत असते. इथे मूल ते डोळ्यांनी पाहते, कारण एक पायरी फिरवल्यावर आकडा चार वेळा उडतो. मग १० किलोओहमचा रोध आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायचा. दोघांचा गुणाकार एक मिलिसेकंद. उसळी त्यात विरते. आरसी सर्किटचा काळ शिकवायला याहून चांगला धडा मला सापडलेला नाही.

पुढचा हिशोब मुले स्वतः करतात. साध्या एन्कोडरला एका फेऱ्यात २० पायऱ्या. पायरीला १० हर्ट्झ धरले तर फेऱ्याला २०० हर्ट्झ. पट्टा २०० किलोहर्ट्झचा, म्हणजे या टोकाहून त्या टोकाला जायला १००० फेरे. हे ऐकून वर्गात शांतता पसरते. मग कुणीतरी म्हणते, जोरात फिरवला तर पायरी मोठी करता येईल का? येते. दोन पायऱ्यांमधला वेळ मोजायचा, तो कमी झाला की १० ऐवजी १०० हर्ट्झने सरकायचे. हा तोडगा सांगावा लागत नाही, हजार फेऱ्यांचा कंटाळाच तो सुचवतो. कारखान्यांत वापरतात तो एका फेऱ्याला ६०० स्पंदांचा एन्कोडर आणला, तर दोन्ही स्पर्शांच्या सगळ्या कडा मोजून २४०० पायऱ्या मिळतात आणि अडचण उलटी होते. नुसता श्वास लागला तरी आकडा हलतो, म्हणून भागाकार करावा लागतो.

मेंदू म्हणून रास्पबेरी पाय पिको. २०२१ च्या जानेवारीत ४ डॉलरला आलेली पाटी. संगणकाला ती स्वतःची ओळख हवी तशी देऊ शकते. कळफलक म्हणून, सिंथेसायझरवाल्यांच्या मिडी भाषेत बोलणारे वाद्य म्हणून, किंवा सरळ अक्षरे पाठवणारे यंत्र म्हणून. पुष्कळ रेडिओ-सॉफ्टवेअर केनवूडच्या धाटणीच्या आज्ञा समजतात. एफ, ए, मग अकरा आकडे आणि शेवटी अर्धविराम. ७१०० किलोहर्ट्झसाठी ते अकरा आकडे म्हणजे ००००७१०००००. मुलगी नॉब फिरवते आणि पडद्यावर हे वाक्य पायरीपायरीने बदलताना दिसते. अजून रेडिओ आलेलाच नसतो.

मागच्या वर्षी एटापल्लीकडची एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, उजवीकडे फिरवलं तर आकडा खाली जातो.” दोन तारांची अदलाबदल झाली होती. तिने विचारले, “तारा बदलू की कोडमध्ये उणे चिन्ह टाकू? कोणतं बरोबर?” दोन्हींनी काम होते, पण पुढच्या वर्षी डबा दुसऱ्याच्या हातात गेला तर त्याला काय सापडेल? ती विचार करत बसली आणि मग तिने तारा बदलल्या. अभियांत्रिकीची चार वर्षे काढूनही जो प्रश्न पडत नाही, तो तिला एका नॉबने पाडला. तयार डबा विकत घेऊन हा प्रश्न मला तिच्यासमोर ठेवता आला नसता.

सॉफ्टवेअर-रेडिओत बाकी सगळे चिपच्या आत गेले आहे. गँग गेला, दोरी गेली, गुंडाळ्या मोजक्या उरल्या. विशीतल्या पोराच्या बोटांना लागेल, कथलाचा डाग देता येईल, चुकला तर उकलून पुन्हा बसवता येईल असा भाग आता मुख्यतः हाच उरला आहे. तोही विकत घ्या म्हणायचे, तर मग हौशी रेडिओत हौशीने करायचे काय? हौशी सेवेची आंतरराष्ट्रीय व्याख्या आणि आपले १९७८ चे नियम, दोन्हींत स्वयंशिक्षण पहिले येते, गप्पा आणि निरोप त्याच्या मागून, आणि मग तांत्रिक शोध. पैशासाठी नव्हे, स्वतःच्या ओढीने. परवान्याचा अर्थच तो आहे.

आता ते बाजूला घेऊन सांगितलेले वाक्य. गडचिरोलीत जरा जपून.

या सल्ल्यामागचे भय मला परके नाही. या जिल्ह्यांनी नक्षली हिंसेत जे पाहिले आहे त्यामुळे तार, बॅटरी आणि डबा हे तीन शब्द एकत्र आले की माणसे दचकतात. पण डब्याच्या मागून निघणारी तार फक्त संगणकाला जाते. डब्याला अँटेना नाही, प्रक्षेपक नाही. तो अकरा आकडे पाठवतो, जसा कळफलक अक्षरे पाठवतो. परवाना लागतो तो प्रक्षेपक बाळगायला आणि चालवायला. कळफलक बनवायला कुणी परवाना मागत नाही. एक गोष्ट मात्र मी लपवणार नाही. डब्यावर बोलण्याचे बटण बसवले तर ते जोडलेल्या रेडिओला प्रक्षेपणावर नेऊ शकते, आणि पिको मध्येच अडकली तर रेडिओ तसाच चालू राहू शकतो. म्हणून मुलांच्या पहिल्या डब्यावर ते बटण नसतेच. परवानाधारकाच्या डब्यावर असते तेव्हा तीन मिनिटांनी आपोआप प्रक्षेपण तोडणारा टायमर आधी लिहायचा आणि बटणाचा डाग नंतर द्यायचा, हा नियम आहे.

घरी बनवलेल्या रेडिओबद्दलची धास्ती आपल्याकडे जुनी आहे. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने हौशी परवाने रद्द केले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. त्याचा प्रक्षेपक जुळवला नरीमन प्रिंटर या हौशी रेडिओवाल्याने. पकडले जाऊ नये म्हणून जागा बदलत राहावे लागले, तरी नोव्हेंबरात धाड पडलीच. परक्या सरकारला त्या हातांची भीती वाटणे साहजिक होते. आपल्या सरकारने मात्र याच हातांसाठी परीक्षा ठेवली आहे, सांकेतिक नाव ठेवले आहे, १२ वर्षांच्या मुलालाही ती परीक्षा खुली ठेवली आहे. हॅमने साध्या, उघड भाषेत बोलायचे, प्रत्येक वेळी आपले सांकेतिक नाव सांगायचे, नोंदवहीत वेळ आणि वारंवारता लिहायची. शिवाय हवेत गेलेली लहर दिशाशोधकाला आपल्या उगमाकडे घेऊन जाते. ज्याला लपायचे आहे तो हा रस्ता कशाला धरेल?

आणि जपून म्हणजे नेमके काय? हेच डबे पुण्यातल्या मुलांनी केले तर त्यांचे प्रदर्शन भरते, बक्षिसे मिळतात. तीच तार, तीच पिको, तोच कथील, आणि गडचिरोलीच्या मुलीने मात्र आवाज उतरवून काम करायचे? कायद्यात कुठेही नसलेली बंदी आपण आपल्या मायेने त्यांच्यावर घालतो. मोठ्यांनी ती घातली की मुले ती निमूट मान्य करतात, आणि याचेच मला सर्वांत वाईट वाटते. काळजी असेल तर गावच्या ठाण्यात जाऊन डबा उघडून दाखवावा, परीक्षेचा अर्ज भरायला मदत करावी. आवाज उतरवू नये.

सध्या एटापल्लीच्या त्या मुलीच्या डब्यात एक दोष आहे. माझ्या रेडिओला जोडून मी ५० वॅटने बोलू लागलो की तिचा आकडा भरकटतो. लहर यूएसबीच्या तारेवरून उलटी डब्यात शिरते आहे. तारेवर फेराइटची कडी चढवून झाली, फरक थोडाच पडला. आता ती झाकण आणि डबा यांच्यामधला रंग खरवडते आहे, म्हणजे दोन्ही पत्रे एकमेकांना नीट लागतील, आणि अर्थिंगची जागा बदलते आहे. नागपूरच्या पुढच्या बैठकीला मी माझा डबा नेणार नाही. ती तिचा घेऊन येईल. ज्येष्ठांना माझी विनंती आहे की त्यांनी पडद्याकडे पाठ करावी, हेडफोन लावावा, उजव्या हातात पेन घ्यावे, ७०५० पासून ७१५० पर्यंत डाव्या हाताने सावकाश जावे, आणि जेवढे आवाज ऐकू येतील तेवढे लिहून काढावेत. मग तेच माऊसने करावे.